वाचक विचारतात : बालपुस्तकाचा पुरस्कार, नियमावलीपासून निकालापर्यंत

प्रश्न : मुंबई-ठाणे परिसरातल्या मराठी बालसाहित्याचे लेखक आणि चित्रकार यांच्यासाठी आमच्या वाचनालयाला दरवर्षी एक पुरस्कार सुरू करायचा आहे. देणगीतून वर्षाला साठ हजार रुपये मिळतील. नियम कसे करावेत? — कार्यवाह, मुलुंड

उत्तर : भांडणं पुढे निकालावर होतात, पण त्यांचं मूळ नियमावलीत असतं. म्हणून ‘स्थानिक’ कोण, ‘या वर्षीचं’ पुस्तक कोणतं आणि ‘बालपुस्तक’ म्हणजे कोणत्या वयाचं, हे आवाहन काढण्याआधी कागदावर आणा.

स्थानिक ठरवायला जन्मगाव धरू नका. दादरला जन्मून पुण्यात स्थायिक झालेला लेखक मग पात्र ठरतो आणि साताऱ्याहून येऊन बदलापुरात पंधरा वर्षं राहिलेली चित्रकार बाहेर राहते. प्रकाशकाचा पत्ताही धरू नका, कारण मराठीतले कितीतरी प्रकाशक पुण्यात आहेत. प्रकाशन वर्षाच्या ३१ डिसेंबरला सलग दोन वर्षं मुंबई शहर, उपनगर, ठाणे किंवा पालघर जिल्ह्यात निवास, एवढी अट पुरते. पनवेल-उरणकरांना घ्यायचं असेल तर रायगडचं नाव आताच लिहा. मागाहून ‘अपवाद’ केला की तो दरवर्षी मागितला जातो. लेखक डोंबिवलीचा आणि चित्रकार नाशिकचा असं होणारच. त्यावर उपाय म्हणजे लेखन आणि चित्रं यांचे पुरस्कार वेगळे ठेवणं. पुस्तक एकच असलं तरी जो स्थानिक, त्याच्याच कामाचा विचार करायचा.

वर्षासाठी ‘१ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातली पहिली आवृत्ती’ असं लिहा आणि पुरावा म्हणून शीर्षकपानामागच्या पानावरची छापील तारीख धरा. प्रकाशन समारंभाची तारीख धरू नका, कारण पुस्तक नोव्हेंबरात छापून समारंभ फेब्रुवारीत होतो. पुनर्मुद्रणं, दिवाळी अंकातलं साहित्य आणि पाठ्यपुस्तकं वगळा. अनुवाद मूळ लेखनाशी स्पर्धेत नकोत, मात्र अनुवादित पुस्तकाची चित्रं इथल्या चित्रकाराने नव्याने काढली असतील तर चित्रांसाठी त्याला पात्र ठेवा.

आता वय. चार वर्षांच्या मुलाचं चोवीस पानी चित्रपुस्तक आणि तेरा वर्षांच्या मुलीची दीडशे पानी कादंबरी एकाच टेबलावर आली की कादंबरी जिंकते, कारण परीक्षक मोठे असतात आणि त्यांना वाचायला जास्त मिळतं. दोन गट करायला तुमचे पैसे पुरणार नाहीत. त्यापेक्षा एका वर्षी चित्रपुस्तकं (आठ वर्षांपर्यंत) आणि पुढच्या वर्षी मोठ्या मुलांची पुस्तकं, असं आलटून-पालटून करा. मग प्रत्येक वेळी मागच्या दोन वर्षांतली पुस्तकं घ्यावी लागतील, हे विसरू नका. नाहीतर मधल्या वर्षी आलेली पुस्तकं कायमची सुटतात.

प्रवेश शुल्क घेऊ नका. प्रती चारच मागा : तीन परीक्षकांना तीन आणि वाचनालयात एक. दोनशे रुपयांच्या रंगीत पुस्तकाच्या आठ प्रती आणि कुरिअर म्हणजे लहान प्रकाशकाला दोन हजारांच्या घरात खर्च. तो पुस्तक पाठवतच नाही, आणि मग आलेल्यांतलं उत्तम निवडलं जातं, निघालेल्यांतलं नाही.

परीक्षक तीन : एक लिहिणारा किंवा संपादक, एक चित्रकार, एक रोज मुलांत असणारा शिक्षक किंवा ग्रंथपाल. चित्रकार नसलेली समिती ‘चित्रे मनोवेधक’ असं लिहून मोकळी होते. स्पर्धेतल्या पुस्तकाशी नातं, प्रकाशन व्यवहार किंवा प्रस्तावनेचा संबंध असेल तर परीक्षकाने आधीच लेखी सांगावं आणि त्या पुस्तकापुरतं बाजूला व्हावं. मराठी बालसाहित्याचं जग लहान आहे, संबंध असणारच. ते लपून राहणं वाईट.

गुणांची बेरीज करून निकाल लावू नका. एका पुस्तकाला ९, ९, ४ मिळाले तर बावीस. दुसऱ्याला ८, ७, ८ मिळाले तर तेवीस. दुसरं जिंकतं. पहिल्या दोन परीक्षकांना पहिलंच पुस्तक आवडलेलं असतं आणि तिसऱ्याला ते का खटकलं हे कुणी विचारतच नाही. प्रत्येकाने पाच पुस्तकांचा क्रम आणि प्रत्येकाबद्दल चार-पाच ओळींचं टिपण पाठवावं, मग एकत्र बसून बोलावं. ‘योग्य पुस्तक नसल्यास पुरस्कार दिला जाणार नाही’ हे वाक्य नियमावलीत हवंच.

वेळापत्रक शाळेच्या वर्षाप्रमाणे आखा. जानेवारीत आवाहन, फेब्रुवारीअखेर मुदत, मार्च-एप्रिलमध्ये छाननी करून आठ-दहा पुस्तकांची यादी. मुलांकडून वाचून घ्यायचं असेल तर एप्रिलच्या परीक्षांत आणि मे महिन्यात कुणी हाती लागत नाही. जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की जुलैअखेरपर्यंत वाचन, ऑगस्टमध्ये परीक्षकांची बैठक, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी निकाल किंवा मग थेट १४ नोव्हेंबर. पावसाळ्यात परीक्षकांकडे जाणारी पुस्तकं आधी प्लास्टिकमध्ये आणि मग पाकिटात घाला. आर्ट पेपर भिजला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्रासकट सोलून निघतात.

मुलांचं मत घ्या, पण मतदान नको. मतदानात चकचकीत मुखपृष्ठ आणि टीव्हीवरचं ओळखीचं पात्र जिंकतं. पाच-सहा मुलांच्या गटाला पुस्तक मोठ्याने वाचून दाखवा आणि बाजूला बसलेल्याने नोंदी कराव्यात : कुठे थांबवलं, कोणतं पान मागे उलटायला लावलं, कुठे खिडकीबाहेर पाहायला लागली, ‘परत वाच’ म्हणाली का. या नोंदी परीक्षकांच्या हाती द्या.

साठ हजारांचा एक हिशेब असा : लेखक १५,०००, चित्रकार १५,०००, परीक्षकांचं मानधन ९,०००, टपाल आणि छपाई ३,०००, कार्यक्रम ६,०००. उरलेल्या १२,००० रुपयांत विजेत्या पुस्तकाच्या प्रती विकत घ्या. दीडशे रुपये किमतीच्या ऐंशी येतात. त्या परिसरातल्या शाळांना द्या. सभागृह, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि अल्पोपाहार यांत देणगी विरघळल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. रक्कम करमुक्त असल्याचं मात्र जाहीर करू नका. ती सवलत केंद्र किंवा राज्य सरकारच्या आणि केंद्राने मान्यता दिलेल्या पुरस्कारांना असते; तुमच्या सीएंना आधी विचारा.

प्रश्न : मी चित्रं काढलेल्या पुस्तकाला एका संस्थेचा पुरस्कार मिळाला. निमंत्रणपत्रिकेत आणि बातमीत फक्त लेखकाचं नाव होतं. मुखपृष्ठावरही माझं नाव नाही, आत बारीक अक्षरात आहे. प्रकाशकाशी लेखी करार केलेला नाही. मला काही हक्क आहे का? — चित्रकार, विलेपार्ले

उत्तर : आहे, पण करार नसल्याने तो अर्धवट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा ‘कर्ता’ चित्रकारच. मात्र कलम १७मध्ये एक मेख आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन रंगचित्र काढलं आणि उलट करार नसेल, तर पहिली मालकी काम सांगणाऱ्याची धरली जाते. प्रकाशक याच कलमावर बोट ठेवतो. दुसऱ्या बाजूला, कलम ५७प्रमाणे हे काम माझं आहे असं सांगण्याचा कर्त्याचा हक्क मालकी दुसऱ्याकडे गेली तरी राहतो. चित्रांच्या जोरावर चालणाऱ्या पुस्तकाच्या बातमीत नाव नसेल तर याच मुद्द्यावर संस्थेला आणि प्रकाशकाला लेखी कळवा, पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठावर नाव मागा.

पुढच्या कामाला साधा दोन पानी करार करा. त्यात इतकं असावं : मूळ चित्रं कुणाकडे राहणार, हक्क कोणत्या भाषांसाठी, किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, ई-पुस्तक, कॅलेंडर, खेळणी यांचं वेगळं मानधन, मुखपृष्ठावर आणि जाहिरातीत लेखकाइतक्याच आकारात नाव, आणि पुस्तकाला पुरस्कार मिळाल्यास रकमेचा वाटा. हे शेवटचं कलम जवळजवळ कुणीच घालत नाही. हस्तांतर लेखी आणि सहीचं असल्याशिवाय कायदा मानत नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.

पुरस्कारांच्या जगातही हा भेद जुना आहे. बालसाहित्याचा आंतरराष्ट्रीय हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार लेखकांना १९५६पासून मिळतो, चित्रकारांना १९६६पासून, म्हणजे दहा वर्षं उशिरा. आपल्याकडे टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाने २०१६मध्ये ‘बिग लिटल बुक अवॉर्ड’ सुरू केला तेव्हा पहिल्याच वर्षी लेखक आणि चित्रकार असे दोन स्वतंत्र मान ठेवले. लेखनासाठी भाषा मराठी होती आणि तो माधुरी पुरंदरे यांना मिळाला, चित्रांसाठीचा अतनु रॉय यांना. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मात्र लेखकालाच दिला जातो.

प्रश्न : माझा पहिला बालकवितासंग्रह ऑक्टोबरमध्ये आला. शासनाच्या पुरस्कारासाठी आणि अकादमीसाठी केव्हा, कुठे पाठवू? — बोरिवली

उत्तर : शासनाचा स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळामार्फत दिला जातो. बालवाङ्मयात साहित्यप्रकारानुसार वेगवेगळे पुरस्कार आहेत : कवितेचा बालकवींच्या नावाने, कादंबरीचा साने गुरुजींच्या, नाटक-एकांकिकेचा भा. रा. भागवतांच्या, कथेचा राजा मंगळवेढेकरांच्या. म्हणून प्रवेशिकेवर प्रकार अचूक लिहा. ‘गोष्टीरूप कविता’ असलं काही लिहिलंत तर पुस्तक कुठल्या गठ्ठ्यात जाईल सांगता येत नाही.

प्रवेशिका साधारणपणे जानेवारीत मागवतात, आदल्या वर्षात निघालेल्या पहिल्या आवृत्तीसाठी. विहित नमुन्यातला अर्ज आणि पुस्तकाच्या दोन प्रती लागतात. मुंबई शहर आणि उपनगरातल्यांनी त्या मंडळाच्या प्रभादेवीच्या कार्यालयात द्यायच्या, इतर जिल्ह्यांत जिल्हाधिकारी कार्यालयात. त्या वर्षीच्या सूचनेतला पत्ता आणि शेवटची तारीख पाहूनच निघा, आणि पाकिटावर पुरस्काराचं नाव, वर्ष आणि ‘प्रवेशिका’ हा शब्द ठळक लिहा. प्रकाशक पाठवेल आणि लेखक पाठवेल, असं दोघंही समजून बसतात. फोन करून ठरवून टाका.

अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१०पासून आहे, चोवीस भाषांत, रक्कम पन्नास हजार. तिथे पुस्तकांचा पाच वर्षांचा पट्टा पाहतात आणि पुरस्काराच्या लगतचं वर्ष त्यात धरत नाहीत. २०२४च्या पुरस्कारासाठी २०१८ ते २०२२मधली पुस्तकं होती. तेव्हा तुमचं पुस्तक त्या पट्ट्यात यायला वेळ आहे. दहा-बारा प्रती बाजूला काढून ठेवा, कारण पहिली आवृत्ती संपल्यावर स्वतःकडेही प्रत नसते.

प्रश्न : आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसेल तर पुस्तक बाद होतं का? — लालबाग

उत्तर : ज्या त्या नियमावलीवर आहे. पण भारतात हा क्रमांक विनामूल्य मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही. राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. छपाईला देण्याआधी घ्या. मागाहून चिकटवलेला स्टिकर परीक्षकाच्या नखानेच निघतो. प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवणंही १९५४च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे. ज्या इतर ग्रंथालयांना प्रत द्यायची, त्यांत फोर्टमधल्या टाउन हॉलचं मध्यवर्ती ग्रंथालय येतं.

प्रश्न : शाळेत शिकवते. चित्रपुस्तकांसाठी परीक्षक म्हणून बोलावलं आहे. चित्रांचं मला कळत नाही. काय पाहू? — गिरगाव

उत्तर : प्रत्येक पुस्तक तीनदा पाहा. पहिल्यांदा मजकुरावर हात ठेवून फक्त चित्रं. गोष्ट किती कळते ते लिहा. दुसऱ्यांदा फक्त मजकूर, मोठ्याने. तिसऱ्यांदा दोन्ही मिळून. मजकुरात ‘लाल फ्रॉक घातलेली मुलगी पळाली’ आणि चित्रात तेच तेवढंच असेल, तर दोघांपैकी एकजण रिकामा बसला आहे. चांगल्या पुस्तकात चित्र काहीतरी असं सांगतं जे शब्दांनी मुद्दाम सोडलेलं असतं.

मग हाताने तपासायच्या गोष्टी. जोडपानाच्या मधोमध, शिवणीत, कुणाचा चेहरा गेला आहे का? पान उलटण्याआधी काही अडकून राहतं का, की प्रत्येक पान तिथल्या तिथे संपतं? गडद चित्रावर काळी अक्षरं आहेत का? नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी अठरा पॉइंटपेक्षा बारीक अक्षर असेल तर नोंद करा, आणि ओळ शब्दसमूह मोडून तुटते का तेही बघा. ‘आजीच्या’ एका ओळीत आणि ‘मांडीवर’ दुसऱ्या, असं झालं की मूल अडखळतं. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना मोडलेली जोडाक्षरं आणि जागा सोडलेले रफार या पुस्तकांत हमखास सापडतात. तो दोष प्रकाशकाचा. लेखकाचे किंवा चित्रकाराचे गुण त्यापायी कापू नका, टिपणात मात्र लिहा.

चाळ, बैठी वस्ती, लोकलचा डबा ही ठिकाणं चित्रात असतील तर जिना कुठे चढतो, कडी कुठे आहे हे पाहिलेल्या माणसाने काढलंय की कुठल्याही शहराचं घर उचलून ठेवलंय, हे गिरगावात शिकवणाऱ्या बाईंना चित्रकला न शिकताही ओळखता येईल.

प्रश्न : चित्रं एआयने केली आहेत का, हे कसं ओळखायचं? — पुरस्कार समिती सदस्य, कांदिवली

उत्तर : डोळ्यांनी ओळखण्याच्या फंदात पडू नका, चुकीचा आरोप फार महागात पडतो. प्रवेशिकेत चित्रकाराच्या सहीचं निवेदन मागा : चित्रं कशी केली, कोणतं साधन वापरलं. अंतिम यादीतल्या पुस्तकांसाठी कोणत्याही तीन जोडपानांची कच्ची रेखाटनं मागवा. कागदावरची चालतील, टॅबवर काम करणाऱ्याची लेयर असलेली फाइलही चालेल. चित्रकाराकडे ती असतातच, कारण प्रकाशकाने निदान दोनदा तरी चित्र बदलून मागितलेलं असतं.