आवाज येतोय, पण कुठल्या माइकमधून?

बिनतारी इयरबडच्या माइकबद्दलचे प्रश्न थांबायचं नाव घेत नाहीत. घरून काम करणारे, रील बनवणारी मुलं, गाण्याच्या क्लासला मुलांना बसवणारे पालक, सगळ्यांची तक्रार फिरून फिरून एकाच जागी येते: ऐकायला मस्त, बोलायला बेकार. प्रत्येकाला तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा काही प्रश्न इथे एकत्र घेतो. एक विनंती आहे. प्रश्न पाठवताना बडचं मॉडेल, फोन किंवा लॅपटॉप कुठला आणि ॲप कुठलं, एवढं तरी लिहा. 'माझा माइक चालत नाही, उपाय सांगा' एवढ्यावर मी काय सांगणार?

प्रश्न : लॅपटॉपला इयरबड जोडून गाणी ऐकली तर आवाज झकास येतो. मीटिंग सुरू झाली की तोच आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो. दुकानदार म्हणतो, वरचं मॉडेल घ्या. घेऊ का? (वाचक, नाशिक)

नका घेऊ. वरच्या मॉडेलमध्येही बहुतेक हेच होईल आणि दुकानदाराला ते ठाऊक असणार.

ब्लूटूथवरून आवाज नेण्याच्या दोन रीती आहेत. गाण्यांसाठी ए-टू-डीपी, त्यात आवाज फक्त लॅपटॉपकडून कानाकडे जातो, पण चांगला जातो. फोनवर बोलण्यासाठी एचएफपी, म्हणजे हँड्स-फ्री. त्यात आवाज दोन्हीकडून वाहतो, पण दर्जा फोन कॉलचा. जुन्या हँड्स-फ्रीमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, सुधारित प्रकारात १६,०००. सीडीवर ते ४४,१०० असतात. ८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही आणि 'स', 'श', 'फ' ओळखू येतात ते बरेचसे त्याच्या वरच्या भागामुळे. म्हणून पलीकडचा माणूस 'काय म्हणालात?' असं सारखं विचारतो.

मीटिंगच्या ॲपने बडचा माइक मागितला की लॅपटॉप मुकाट्याने पहिली रीत सोडून दुसरी धरतो. तुमच्या कानातला आवाज पडतो तो तुमचाच माइक चालू झाल्यामुळे.

उपाय फुकट आहे. ऐकायला बड ठेवा, बोलायला लॅपटॉपचा स्वतःचा माइक घ्या. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन 'इनपुट'खाली लॅपटॉपचा माइक निवडा. विंडोज १० मध्ये एकाच बडच्या दोन नोंदी दिसतात, एक 'स्टिरिओ' आणि दुसरी 'हँड्स-फ्री एजी ऑडिओ'. आउटपुटला स्टिरिओवालीच हवी. विंडोज ११ मध्ये नोंद एकच दिसते, तिथे इनपुट बदललं की पुरे. मॅकवरही सिस्टिम सेटिंग्जमधल्या साउंडमध्ये हेच करायचं. मग झूम, टीम्स किंवा मीट उघडून त्याच्या आतली माइकची निवडही बघा. निम्मे लोक इथेच अडकतात, कारण ॲप स्वतःची जुनी निवड धरून बसलेलं असतं.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर ड्रायव्हर काढणं-घालणं असले उद्योग करू नका, आयटीवाल्यांना विचारा.

प्रश्न : ब्लूटूथ ५.३ चे बड घेतले तर माइक सुधारेल ना? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

नुसत्या आकड्याने नाही. खरा फरक 'एलई ऑडिओ' या ब्लूटूथवरून आवाज नेण्याच्या नव्या रीतीने आणि त्यातल्या एलसी-थ्री कोडेकने, म्हणजे आवाज आटवून पाठवायच्या पद्धतीने पडतो. त्याचा पाया ५.२ मध्ये घातला गेला, पण तो देणं कंपन्यांवर बंधनकारक नाही. त्यामुळे खोक्यावर ५.३ छापूनही आत जुनाच हँड्स-फ्री असू शकतो. शिवाय बडमध्ये असून भागत नाही, फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्येही लागतो. विकत घ्यायच्या आधी दोन्हींच्या तपशिलात 'एलई ऑडिओ' हे शब्द शोधा. दुकानात 'हो हो, सगळं आहे त्यात' असं म्हणाले तर कंपनीच्या साइटवर तपासूनच पैसे द्या.

प्रश्न : पीएस-५ वर मित्रांशी बोलायला माझे इयरबड चालतील का?

थेट नाही. पीएस-५ हा गेम कन्सोल ब्लूटूथचा आवाज घेतच नाही. हातातल्या कंट्रोलरमध्ये माइक आहे, तो वापर. एक्सबॉक्सही ब्लूटूथचा आवाज घेत नाही, आणि त्याच्या कंट्रोलरमध्ये माइकही नसतो. निन्टेन्डो स्विचवर २०२१ पासून ऐकता येतं, पण माइक चालत नाही.

प्रश्न : कानात बड घालून रस्त्यावर व्हिडिओ काढला. घरी येऊन पाहिलं तर आवाज लांबून आल्यासारखा आणि सगळा वारा. बड जोडलेलेच होते! (रील करणारी वाचक, चिपळूण)

जोडलेले होते, पण कॅमेऱ्याने ते ऐकलेच नाहीत. बहुतेक फोनमध्ये कॅमेरा ॲप फोनचाच माइक धरतं. सॅमसंगच्या काही गॅलॅक्सी फोनमध्ये 'प्रो व्हिडिओ'त ब्लूटूथ माइक निवडता येतो. आयफोनवर आयओएस २६ पासून इनपुट निवडायची सोय आली आणि एअरपॉड्स ४ किंवा एअरपॉड्स प्रो २ व त्यापुढचे असतील तर त्यांचं रेकॉर्डिंगही पूर्वीपेक्षा बरंच चांगलं होतं. बाकीच्यांनी कॉलरला लावायचा बिनतारी माइक घ्यावा. त्याचा छोटा रिसीव्हर फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसतो आणि हँड्स-फ्रीच्या भानगडीतून सुटका होते. फोन टाइप-सी आहे की लाइटनिंग, ते पाहून मागवा. वाऱ्यासाठी केसाळ टोपी मिळते, ती घालायचा कंटाळा करू नका.

आणि मुख्य चित्रीकरणाआधी दहा सेकंदांची चाचणी घेऊन ती ऐकत का नाही कुणी? बडवर नखाने हळूच टकटक करा, मग फोनवर करा. रेकॉर्डिंगमध्ये कुठली टकटक मोठी आली, त्यावरून माइक कुठला ते कळतं.

प्रश्न : मुलगी पुण्यातल्या गुरूंकडे ऑनलाइन शास्त्रीय गाणं शिकते. गुरुजी म्हणतात, तानपुरा ऐकूच येत नाही आणि लांबवलेला सूर मध्येच बुडतो. आम्ही मुद्दाम 'चार माइक, ईएनसी'वाले बड घेतले. यूट्यूबवर पाहून डेव्हलपर ऑप्शनमध्ये एलडीएसीही निवडलं. (पालक, न्यू जर्सी)

सगळी गडबड त्या ईएनसीनेच केली आहे. या एका बाबतीत मी जरा लांबण लावणार आहे, कारण असे प्रश्न वाढत चाललेत आणि त्यात नुकसान मुलांचं होतं.

ईएनसीचं काम म्हणजे तोंडाकडून येणारं बोलणं ठेवायचं आणि बाकीचा गोंगाट कापायचा. गोंगाट ओळखायचा कसा? बोलणं तुटक असतं, अक्षरागणिक चढतं-उतरतं. पंखा, एसी, गाडीचं इंजिन एकसारखं चालू राहतं. म्हणून जे एकसारखं, ते गोंगाट, असा त्याचा ढोबळ हिशेब. आता तानपुऱ्याएवढं एकसारखं दुसरं काय आहे? आणि तुमच्या मुलीने आकारात षड्ज धरला, तोही जितका स्थिर तितका यंत्राला पंख्यासारखाच. सूर चांगला लागला की बुडतो, हलला की वर येतो. यंत्र बोलण्यासाठी बनवलंय, ते त्याचं काम चोख करतंय. चूक विकणाऱ्यांची आहे, जे खोक्यावर 'क्रिस्टल क्लिअर' छापतात आणि गाण्याच्या क्लाससाठी म्हणून खपवतात. 'चार माइक' म्हणजे दोन्ही बड मिळून चार, एकेकात दोन. त्यांतला एक बहुधा बाहेरचा गोंगाट टिपून तो वजा करण्यासाठीच असतो. खोक्यावर ईएनसीसारखंच दिसणारं एएनसी हे वेगळं, त्याचा तर इथे संबंधच नाही. ते बाहेरचा गोंगाट दाबून तुमच्या कानाला शांत ठेवतं, गुरुजींना त्याचा काही उपयोग नाही. एलडीएसी फोनकडून कानाकडे जाणाऱ्या आवाजासाठी आहे, माइकला ते लागू होत नाही. तेव्हा तो व्हिडिओ विसरा आणि डेव्हलपर ऑप्शन होते तसे करून ठेवा.

आता काय करायचं ते सांगतो. बडचा माइक या कामातून बादच करा, कारण बडमधला ईएनसी बहुतेक मॉडेलांत बंद करता येत नाही. टॅब किंवा लॅपटॉप समोर स्टँडवर ठेवा, त्याचाच माइक वापरा. ऐकायला तारेचे हेडफोन घ्या, साधे चालतील. तानपुऱ्याचं ॲप दुसऱ्या फोनवर लावा आणि तो मुलीच्या मागे नको, बाजूला ठेवा. मग ॲपमधली कापाकापी बंद करा: झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करायचं, मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करायचं. आयफोन किंवा आयपॅड असेल तर कॉल चालू असताना कंट्रोल सेंटरमध्ये माइक मोड उघडून 'वाइड स्पेक्ट्रम' निवडा. 'व्हॉइस आयसोलेशन' राहिलं असेल तर तानपुरा पुन्हा गेला म्हणून समजा. हेच सगळं गुरुजींच्या बाजूलाही तपासायला हवं. त्यांनाही कुणीतरी बड भेट दिलेले असण्याची शक्यता मी सोडत नाही.

एवढं करूनही गुरुजींच्या ठेक्यावर मुलीची सम जुळणार नाही. बिनतारी बड सेकंदाचा पाचवा हिस्सा वगैरे उशीर लावतात, तो तारेने वाचेल. पण अमेरिका ते पुणे हा उशीर कुणी काढू शकत नाही. आधी गुरुजी, मग मुलगी, असं आळीपाळीनेच शिकावं लागेल. ठेका लागेल तेव्हा तो मुलीच्या खोलीत वाजू द्या.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. 'सूर सोडतेस', 'आवाज लाव' असं ऐकून ऐकून मूल ओरडून गायला लागतं, कारण आवाज वाढवला की यंत्र तो कापत नाही. म्हणजे बडच्या सोयीने गळा घडायला लागतो. तिचं एक रेकॉर्डिंग साध्या फोनवर, कुठलंही ॲप न लावता करून गुरुजींना पाठवा आणि त्यावरूनच त्यांनी काय ते सांगावं. क्लासनंतर घसा दुखत असेल किंवा आवाज बसत असेल तर गाणं थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गरम पाणी आणि ज्येष्ठमध घेत महिने काढू नका.

प्रश्न : एकच बड घालून बोललं तर चालतं का?

हल्लीच्या बहुतेक बडमध्ये चालतं. एअरपॉड्समध्ये माइक कायम डावा की उजवा ठेवायचा हेही सेटिंगमध्ये ठरवता येतं.

प्रश्न : बड लॅपटॉप आणि फोन दोन्हींना जोडलेले असतात. मीटिंगमध्ये बोलत असताना मध्येच फोन वाजतो आणि मीटिंगवाल्यांना माझा आवाज जाणं बंद होतं. बड बिघडलेत का? (बँक कर्मचारी, सोलापूर)

बिघडलेले नाहीत. याला मल्टिपॉइंट म्हणतात. जोडणी दोन ठिकाणी असली तरी माइक एका वेळी एकाच ठिकाणी जातो आणि फोनच्या कॉलला पहिला मान मिळतो. महत्त्वाच्या मीटिंगपुरतं फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा. ग्राहकांशी बोलायचं काम असेल तर बड सोडा, यूएसबीचा तारेचा हेडसेट मागून घ्या. बँकेच्या यंत्राला बाहेरचं काही जोडायला परवानगी आहे का, हेही आधी विचारा.

प्रश्न : वर्षभरापासून लोकांना माझा आवाज बारीक येतो. सुईने भोक साफ केलं, सॅनिटायझर टाकला, तांदळात ठेवले. आता एक बड पूर्ण मुका झाला.

सुई! देठाच्या टोकाशी जे बारीक भोक दिसतं, त्याच्या आत जाळी असते आणि जाळीमागे लगेच माइकचा पडदा. सुईने मळ निघत नाही, पडदा फाटतो. सॅनिटायझरने मळ विरघळून आत जातो. तांदळाने काही वाळत नाही, वर पीठ मात्र जाळीत बसतं. कोरडा मऊ ब्रश, भोक खाली धरून, हलक्या हाताने. घरी एवढंच करायचं.

खरी चूक वर्षभर थांबण्याची. पुष्कळ बडची वॉरंटी एकाच वर्षाची असते. आवाज बारीक झाला त्याच आठवड्यात दुसऱ्या फोनला जोडून पाहायचं आणि तिथेही बारीक असेल तर बिल घेऊन अधिकृत सेवा केंद्र गाठायचं. आता सुईच्या खुणा पाहून ते काय म्हणतील, मला अंदाज आहे. तरी नेऊन दाखवा; काही कंपन्या एक बड सुटा विकतात.

प्रश्न : ऑनलाइन मुलाखतीला आणि परीक्षेला इयरबड लावले तर चालेल का?

मुलाखतीला सहसा चालतं. परीक्षेत कानात काहीही घालायला बहुधा मनाई असते, त्यामुळे सूचनापत्र वाचा आणि शंका असेल तर संस्थेला लेखी विचारा. मला विचारून उपयोग नाही.

प्रश्न : वडिलांना कमी ऐकू येतं. आयफोन टेबलावर ठेवून 'लाइव्ह लिसन'ने एअरपॉड्समध्ये आवाज दिला तर त्यांना छान ऐकू आलं. मग श्रवणयंत्राचा खर्च कशाला? (वाचक, फोंडा)

इथे उलटं होतं: फोन माइक होतो आणि बड नुसते ऐकवतात. पाहुणे आले, टीव्ही लावला, तेवढ्यापुरती सोय चांगली आहे, वापरा. पण ती सगळा आवाज मोठा करते. वडिलांचं कुठल्या पट्टीत किती कमी झालंय ते तिला कळत नाही, आणि ऐकू कमी का येतंय ते तुम्हालाही अजून माहीत नाही. कधीकधी नुसता मळ असतो, कधी वेळेत उपचार लागणारं काही असतं. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या. श्रवणयंत्र लागलंच, तर ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला विचारा की फोनवर बोलताना त्याचाच माइक चालतो का. काही यंत्रांत चालतो, आणि मग वडिलांना एअरपॉड्स लागणारही नाहीत.