ड्रोनच्या काचेवरची तिरीप: वाचकांची विचारणा

‘कॅमेऱ्यात चमक येते’ एवढ्याच शब्दांत बहुतेकांनी तक्रार लिहिली आहे. पण संत्र्याच्या बागेवर येणारी चमक वेगळी, धानाच्या बांधीतली वेगळी आणि लग्नाच्या मांडवातली आणखी वेगळी. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर कार्डशीट वाया जाते, दुसरं काही होत नाही.

प्रश्न (वरूड): डिसेंबरात आंबिया बहाराच्या बागेचे व्हिडिओ काढतो. उत्तरेकडे तोंड असलं की रंग झकास. दक्षिणेकडे वळवला की सगळं पांढुरकं, फळाचा नारंगी रंगच उडतो आणि फ्रेममध्ये तिरकी गोल ठिपक्यांची रांग दिसते. बाजारात हुड (भिंगावर सावली धरणारी झाप) मिळत नाही. घरी काही करता येईल का?

उत्तर: येईल, पण आधी खात्री करून घ्या. आपल्याकडे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य 45 अंशांच्या आसपासच असतो आणि तोही दक्षिणेला. चार वाजता तो साधारण 20 अंशांवर उतरलेला असतो. म्हणजे दक्षिणेकडे वळलं की सूर्य फ्रेममध्ये नसला तरी त्याची तिरीप थेट काचेवर पडते. भिंगाच्या आत काचेचे अनेक तुकडे असतात. त्यांच्यात हा उजेड इकडून तिकडे आपटत राहतो. त्यातला काही ठिपके होऊन दिसतो आणि उरलेला पूर्ण चित्रावर दुधासारखा पसरतो.

पंखे काढा, ड्रोन हातात धरा, कॅमेरा चालू करून दक्षिणेकडे तोंड करा. दुसऱ्या हाताच्या पंज्याने काचेवर सावली धरा, बोटं मात्र स्क्रीनवर दिसता कामा नयेत. रंग लगेच परत आले तर हुड कामाचा. काही फरक पडला नाही तर दोष काचेवरच्या बोटाच्या ठशात किंवा फिल्टरमध्ये (भिंगापुढे लावलेल्या जादा काचेत) आहे, हुड करत बसू नका. हे दोन मिनिटांत उरका. जमिनीवर पंख्यांचा वारा नसतो, ड्रोन लवकर तापतो.

आता हुड. साहित्य: काळी कार्डशीट (250 जीएसएमची), काळा मखमली कागद आणि मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी. मखमली कागद स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. तो टाळू नका, कारण कार्डशीट डोळ्याला काळी दिसली तरी तिरप्या उन्हात चकाकते. मखमल नसेल तर शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग दोन पातळ हातांनी द्या. तो मॅट असतो.

माप महत्त्वाचं. ड्रोनच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा कोन कर्णरेषेत 84 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे तो फार रुंद पाहतो. त्यामुळे डीएसएलआरसारखा (फोटोग्राफरच्या मोठ्या कॅमेऱ्यासारखा) लांब गोल डबा इथे चालत नाही, चारही कोपरे काळे होतात. वरच्या बाजूला टोपीच्या झापेसारखी एक सपाट पट्टी आणि दोन बाजूंना आखूड कान एवढंच हवं. काचेच्या केंद्रापासून पट्टी 10 मिमी वर बसत असेल तर ती काचेच्या पुढे 12 मिमी जाऊ द्या. बाजूचे कान केंद्रापासून 9 मिमीवर असतील तर पुढे 6 मिमीच ठेवा, कारण आडवा कोन उभ्यापेक्षा मोठा असतो. पट्टीची रुंदी कॅमेऱ्याच्या डबीएवढी. कापताना सगळं 2 मिमी जास्त ठेवा, लावून पूर्ण आकाराचा फोटो काढा, कडेला काळी रेघ आली की 1 मिमी कापा, पुन्हा फोटो. व्हिडिओ पाहून माप ठरवू नका. व्हिडिओच्या रुंद 16:9 चौकटीत वरची-खालची कड कापलेली असते, रेघ दिसतच नाही, आणि फोटोत मग ती उगवते.

हुड कॅमेऱ्याच्या डबीवर लावायचा, ड्रोनच्या नाकावर नाही. नाहीतर कॅमेरा खाली झुकला की सावली तिथेच राहते. चिकटवल्यावर ड्रोन बंद असतानाच कॅमेरा बोटाने हलकेच वर-खाली, डावी-उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहा. चालू करताना गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा मोटरचा सांधा) स्वतःहून हा पूर्ण फेरा मारतो. हुड अंगाला अडला तर मोटरवर ताण येतो आणि स्क्रीनवर गिंबल ओव्हरलोडची सूचना येते. बारीक गुणगुण ऐकू आली किंवा क्षितिज तिरपं दिसलं तर हुड जड झाला आहे किंवा एका बाजूला बसला आहे. वर सांगितलेला हुड अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर येतो, तेवढं चालून जातं. समोरच्या अडथळा-सेन्सरवर मात्र त्याची सावलीसुद्धा नको.

या मापाच्या हुडने, कॅमेरा सरळ समोर असताना, सूर्य 45 अंशांच्या वर असला तरच काच पूर्ण सावलीत जाते. चार वाजताच्या उन्हाला कॅमेरा 25 अंश खाली झुकवा. सूर्याचे 20 आणि झुकावाचे 25, हिशेब जमला. सूर्य किती वर आहे ते मोजायला हात लांब करून मुठीवर मूठ ठेवा, एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. सूर्य फ्रेममध्येच असेल तर कुठलाही हुड काही करू शकत नाही.

एक सरकारी बाब. ड्रोन नियम 2021 प्रमाणे नॅनो, म्हणजे सर्वांत हलक्या ड्रोनच्या, वर्गाची मर्यादा 250 ग्रॅम आहे आणि ड्रोनवर लावलेलं सगळं त्यात धरलं जातं. तुमचा ड्रोन 249 ग्रॅमचा असेल तर हुड आणि फिल्टर दोन्ही चढवल्यावर किराण्याच्या नाही, सोनाराच्या डिजिटल काट्यावर एकदा ठेवून बघा.

प्रश्न (चंद्रपूर): इलेक्ट्रिकच्या काळ्या टेपचा हुड केला. एप्रिलमध्ये तासाभरात वाकडा झाला, वर चमक वाढली असंच वाटतं. असं होऊ शकतं का?

उत्तर: वाटतं असं नाही, वाढलीच आहे. वायरिंगची पीव्हीसी टेप गुळगुळीत असते. तिची आतली बाजू ऊन काचेवर परत फेकते. शिवाय चंद्रपूरच्या उन्हात तिचा डिंक पातळ होतो, टेप सरकते आणि डिंकाचा ओघळ काचेकडे येतो. काजळी फासण्याचा उपायही काहींनी कळवला आहे. काजळी मॅट असते हे खरं, पण पहिल्याच थरथरीत ती झडून काचेवर बसते. मार्करने काळं केलेलं कागदही उन्हात जांभळट चमकतं. मखमल किंवा फळ्याचा रंग, बास.

प्रश्न (दारव्हा): कपाशीच्या शेतावरून जाताना व्हिडिओत आडवे काळे पट्टे लुकलुकतात. कॅमेरा खराब झाला काय बावा?

उत्तर: कॅमेरा शाबूत आहे. सूर्य समोरून-वरून असला की फिरत्या पंख्यांची सावली काचेवर पडते. कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा सेन्सर चित्र एकदम नाही, ओळीओळीने वाचतो. त्यामुळे एकाच फ्रेममध्ये काही ओळी सावलीत आणि काही उन्हात येतात. शटर (उजेड घेण्याची वेळ) जितका वेगवान तितके पट्टे ठळक. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि एफ (भिंगाच्या छिद्राचा आकडा) 2.8 ला शटर 1/3200 सेकंदाच्या आसपास जातो, म्हणजे पंख्याची सावली जागच्या जागी गोठते. 25 फ्रेमच्या व्हिडिओला शटर 1/50 वर आणला की ती सावली मिसळून जाते. त्यासाठी 64 पट उजेड अडवावा लागतो, म्हणजे एनडी 64 फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी करडी काच). वरचा हुडही इथे मदत करतो. तोही नसेल तर वेग कमी करा. ड्रोन जोरात पुढे जाताना नाक खाली घालतो आणि पंखे काचेच्या जास्त समोर येतात.

एनडीच्या जागी वेल्डिंगची काच लावू नका. ती जड, हिरवी आणि हजारो पट काळी असते. एक्स-रेच्या फिल्मने चित्र भुरकट होतं. या एका वस्तूला घरगुती पर्याय नाही, विकतच घ्यावी.

प्रश्न (साकोली): रोवणीनंतर बांध्यांचे फोटो सरळ वरून काढले, तर प्रत्येक फोटोच्या मधोमध पाण्यात पांढरा गोळा. रोप मोजताच येत नाही. गॉगलची काच लावून पाहिली, उपयोग शून्य.

उत्तर: हा भिंगाचा दोष नाही, बांधीतलं पाणी आरशासारखं सूर्य दाखवतं आहे. जुलैच्या मध्यावर आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. कॅमेरा सरळ खाली पाहतो, तेव्हा सूर्याचं प्रतिबिंब नेमकं मध्यात येणारच. सूर्य डोक्यापासून 42 अंशांहून जास्त ढळलेला असला तर प्रतिबिंब फ्रेमच्या बाहेर जातं. जुलैत असं सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेतीननंतर होतं. वारा असेल तर लाटांमुळे गोळा पसरतो, तेव्हा आणखी अर्धा तास सोडा. पातळ पांढऱ्या ढगाखाली केव्हाही चालतं, आणि रोवणीच्या दिवसांत ढगांची वाण कुठली?

गॉगलचं म्हणाल, तर तो पोलराइज्ड (एकाच दिशेने थरथरणारा उजेड जाऊ देणारा) होता का ते पाहा. मोबाइलच्या स्क्रीनसमोर धरून गोल फिरवला की एका ठिकाणी स्क्रीन काळी व्हायला हवी. तसं होत नसेल तर ती बहुधा नुसती रंगीत काच. पोलराइज्ड असली तरी सरळ खाली पाहताना ती पाण्याची चमक कापत नाही. कॅमेरा क्षितिजाखाली साधारण 37 अंशांवर झुकलेला असताना ती सर्वांत जास्त कापते. मामा (माजी मालगुजारी) तलावाचे, पाण्यातल्या वनस्पतींचे तिरपे फोटो काढायचे असतील तर उपाय उत्तम. गॉगलची काच वाकडी असते, चित्र मऊ पडतं. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवरची सपाट फिल्म त्याहून बरी, तिच्या एका बाजूचा डिंक मात्र आधी पूर्ण काढावा लागतो. ती काचेपुढे धरा, स्क्रीनवर पाण्याची चमक सर्वांत कमी होईपर्यंत फिरवा, वरच्या कडेला खूण करा आणि तशीच बसवा. निम्म्याहून जास्त उजेड जातो हे धरून चाला.

प्रश्न (दर्यापूर): आमच्या बचत गटाकडे फवारणीचा ड्रोन आहे. दोन-तीन टाक्या झाल्या की रिमोटवर समोरचं सगळं धुक्यासारखं दिसतं, सूर्याकडे तोंड असलं तर काहीच दिसत नाही. ओढणीने पुसलं की आणखी वाईट.

उत्तर: ताई, हा औषधाचा थर आहे. तेलकट औषधाचा तुषार काचेवर बसतो आणि सुकतो. तुमच्याकडे खारपाणपट्टा, टाकीत विहिरीचं पाणी असेल तर त्यातला क्षारही सोबत बसतो. कोरडं पुसलं की तेल पसरतं आणि क्षाराचे कण काच ओरखडतात.

बॅटरी काढा, हातमोजे घाला. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भिजवलेला मऊ कपडा काचेवर दोन मिनिटं नुसता ठेवा, घासू नका. मग 200 मिली डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून त्या पाण्याने हलक्या हाताने पुसा, शेवटी पुन्हा साधं डिस्टिल्ड पाणी आणि कोरडा मायक्रोफायबर. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. काचेसारखं दिसणारं ते झाकण बहुतेकदा प्लास्टिकचं असतं, त्याला जाळीसारख्या भेगा पडतात. तो कपडा दुसऱ्या कशाला वापरू नका.

हंगामात रोज एवढं होणार नाही हे उघड आहे. मोबाइलच्या साध्या प्लास्टिक स्क्रीन गार्डचा तुकडा झाकणाच्या मापाने कापून बुडबुडा न ठेवता चिकटवा, मळला की सोलून नवा लावा. चित्र थोडं मऊ होईल. पण हा कॅमेरा विजेची तार आणि बांधावरचं बाभळीचं झाड दिसावं म्हणून आहे, फोटोसाठी नाही.

प्रश्न (मूर्तिजापूर): लग्नातल्या रात्रीच्या व्हिडिओत फोकस लाइटचे जांभळे-हिरवे ठिपके हवेत तरंगतात.

उत्तर: ठिपके मूळ दिव्यांच्या बरोबर उलट बाजूला आहेत का पाहा: दिवा वर-डावीकडे, तर ठिपका खाली-उजवीकडे. तसं असेल तर दिवसा लावलेला फिल्टर काढायचा राहिला आहे. कोटिंग (चमक कमी करणारा थर) नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के उजेड परत फेकतो, स्वस्त फिल्टरला असे दोन पृष्ठभाग. काढा, ठिपके बहुतांश जातील. उरले तर ते भिंगाचे स्वतःचे. मग दिव्यांची रांग फ्रेमच्या मध्याजवळून जाऊ द्या, ठिपके दिव्यांवरच येऊन लपतात.

प्रश्न (हिंगणघाट): काचेवर ओरखडा आहे, तिथून ऊन फाकतं. टूथपेस्टने घासलं तर जातो असं ऐकलं.

उत्तर: ओरखडा राहतो, कोटिंग जातं, मग पूर्ण काचच फाकवते. कॅमेऱ्याची पुढची काच सुटी बदलता येत असेल तर ती बदलून घ्या. तोवर ओरखड्यावर ऊन पडणार नाही अशा बाजूला कान 1–2 मिमी लांब असलेला हुड लावा आणि त्या बाजूची फ्रेम तेवढी कापून वापरा.