चाचणीत कधीच न सापडलेल्या सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीतली सात विजेतेपदं कशी काढून घेतली?

सहकाऱ्यांच्या शपथेवरच्या साक्षींमुळे. अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेच्या २०१२च्या अहवालात २६ जणांच्या साक्षी आहेत. त्यातले ११ त्याच्याच संघातले सायकलपटू. चाचण्यांवर विसंबणं मुळातच चूक होतं. ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध) ओळखणारी चाचणी २००० साली वापरात आली. मग स्वतःचंच साठवलेलं रक्त पुन्हा चढवून घेणं सुरू झालं, आणि ते थेट पकडणारी चाचणीच नव्हती. खरं बोलणाऱ्यांना त्याने खोटं ठरवलं, हे मला डोपिंगहून वाईट वाटतं. जानेवारी २०१३मध्ये अखेर कबुली दिली. मात्र ‘कधीच सापडला नाही’ हेही पूर्ण खरं नाही: १९९९च्या टूरमध्ये त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड हे बंदी असलेलं औषध आढळलं होतं, पण मागची तारीख टाकलेल्या मलमाच्या डॉक्टरी चिठ्ठीवर ते निभावलं.