रविवार, ९५० रुपये आणि माळ्यावरचे घुमट

"मॅडम, खिशात हात न घालता या पणजीत जायचे तरी कुठे?" हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. विचारणारी माणसे बहुधा नोकरीनिमित्त सत्तरी, पेडणे, डिचोली किंवा सिंधुदुर्गातून येऊन राजधानीच्या आसपास भाड्याच्या घरात राहणारी असतात. त्यांची अडचण थोडी चमत्कारिक आहे. कोल्हापूर-बेळगावचे नातेवाईक त्यांना फोनवर म्हणतात, "तुमचे काय बाबा, गोव्यातच राहता, रोजच सहल!" आणि इकडे यांना रविवार उजाडूच नये असे वाटत असते. पाहुण्यांसाठी मांडलेल्या गावात घरच्या माणसाला बसायला जागा सापडू नये, तसा हा प्रकार आहे.

दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका कुटुंबाची हकिकत इथे सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावे मुद्दामच देत नाही. बाई छत्तीस वर्षांच्या, एका कार्यालयात कंत्राटी पद्धतीवर संगणकावर नोंदी करण्याचे काम करणाऱ्या, शनिवार-रविवार सुट्टी. यजमान औषधांच्या गोदामात, त्यांना सुट्टी फक्त रविवारची. मुलगा चौथीत. मूळ घर सत्तरीतील एका गावात, राहणे ताळगावला दोन खोल्यांत. दोघांचे मिळून महिन्याला ४१ हजार येत आणि त्यातले १३ हजार घरभाड्यातच जात.

बाई आल्या त्या डोकेदुखीची तक्रार घेऊन. डॉक्टरांनी तपासून काही निघाले नव्हते. दुखणे कधी सुरू होते याची नोंद ठेवायला सांगितली, तेव्हा चार आठवड्यांत ते तीनदा शनिवारी रात्री आणि एकदा रविवारी सकाळी आल्याचे दिसले. यात नवल काही नाही. शांडोर फेरेन्त्सी या हंगेरियन मनोविश्लेषकाने १९१९ मध्येच सुट्टीच्या दिवशी डोके आणि पोट धरून बसणाऱ्या रुग्णांविषयी लिहून ठेवले आहे. आमच्याकडच्या रविवारच्या डोकेदुखीत मात्र बहुतेक वेळा हिशेबाची वही असते, आणि ती या बाईंच्याही पर्समध्ये होती.

पहिल्या भेटीत मी चूक केली. समोरचा माणूस "कुठे जायचे" विचारतो आहे, तर ठिकाणे सांगावीत, असे मला वाटले आणि मी कागदावर एक यादी लिहून दिली: मिरामारचा किनारा, कांपालची बाग, आल्तिनोच्या टेकडीवरून दिसणारा सूर्यास्त, मळा भागातील जुन्या रंगीत घरांच्या गल्ल्या, जुन्या गोव्यातील चर्च. सगळे फुकट. बाईंनी कागद नीट घडी करून ठेवला. पुढच्या भेटीत त्या तो परत घेऊन आल्या आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला जमाखर्च त्यांनी माझ्यापुढे ठेवला. स्कूटरचे पेट्रोल ६०, भेळ १६०, आईस्क्रीम १८०, वाळूतल्या बॅटरीवरच्या गाडीची फेरी २००, फुगा ५०, येताना गाड्यावर तीन रस-ऑम्लेट (रस्सा घातलेले ऑम्लेट) ३००. फुकटच्या मिरामारला ९५० रुपये लागले होते.

त्याखाली न लिहिलेला आणखी एक खर्च होता, तो मी विचारल्यावर कळला. बाहेरचे खाणे टाळावे म्हणून बाई रविवारी पहाटे साडेपाचला उठल्या होत्या, शिरा आणि बटाट्याची भाजी करून डबे भरले होते, दुपारचा स्वयंपाक उरकला होता, आणि संध्याकाळी शिऱ्याचा डबा झाकणही न उघडता घरी परत आला होता. "रात्री तो शिरा मीच खाल्ला, उभ्याने," त्या म्हणाल्या. कमी खर्चाच्या सहलीचा सल्ला देणारे आपण सगळेच "घरून डबा न्या" असे सहज सांगून टाकतो. तो डबा कोण करते हे विचारायचे मलाही तोपर्यंत सुचले नव्हते, याची मला लाज वाटली.

तिसऱ्या भेटीला यजमान आले. त्यांनी खाली मान घालून एकच सांगितले, की मुलाने काही मागितले आणि नाही म्हटले तर वर्गातल्या मुलांपुढे त्याला कमीपणा वाटेल. त्यांचा बाप गावात काजूच्या हंगामात राबणारा माणूस. त्याने मुलांना कधी कुठे नेले नव्हते आणि त्याची खंत त्यांना कधी वाटलीही नव्हती, कारण संध्याकाळी देवळात भजन असे, शिगम्याला मेळ असे, जत्रेला रात्रभर नाटक असे आणि या सगळ्यात पोरे पायांत पायांत असत. करमणूक ही बापाने आणून द्यायची वस्तू आहे, हे ते शहरात आल्यावर शिकले. माझ्या मते त्यांची सगळी अडचण इथेच होती: फिरायला जाणे हा त्यांच्यासाठी चांगला बाप असल्याचा पुरावा झाला होता, आणि पुरावा म्हटला की पावती आलीच.

तेव्हा ठिकाणांचा विषय बाजूला ठेवून मी त्यांना एक साधा तक्ता दिला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर ल्युइन्सन यांनी १९७०च्या दशकात असे मांडले, की माणसाच्या दिवसातून आवडीच्या, समाधान देणाऱ्या कृती कमी झाल्या की त्याचे मन खचत जाते, म्हणून मन सुधारण्याची वाट न पाहता आधी त्या कृती ठरवून दिवसात परत आणाव्यात आणि त्यांची नोंद ठेवावी. आम्ही समुपदेशक ही पद्धत आजही वापरतो. तक्त्यात प्रत्येकाने आपापल्या रकान्यात केलेली गोष्ट लिहायची आणि तिला दोन आकडे द्यायचे, मजा किती आली आणि दमणूक किती झाली, दोन्ही शून्य ते दहा. खर्च तिसऱ्या रकान्यात. दोन अटी मी घातल्या. रविवारच्या फिरण्यासाठी त्या दिवशी चूल पेटवायची नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी येतो त्याच्याकडून यजमानांनी उंडे (गोल पाव) घ्यायचे, सोबत केळी आणि पाण्याची बाटली. दुसरी अट अशी, की दीडशे रुपये पाकिटात घालून ते मुलाच्या हातात द्यायचे आणि ते कशावर घालवायचे की ठेवायचे हे त्याने ठरवायचे.

पहिल्याच आठवड्यात पावसाच्या भीतीने ते मॉलमध्ये गेले. खर्च १२००, बाईंची मजा २, यजमानांची ३, मुलाची ५. मी काही बोलले नाही. तक्ता भरून घेण्याचा फायदा हा असतो, की बोलायचे ते तो बोलतो.

त्यानंतरच्या रविवारी ते पणजीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने बेतीला गेले. ही फेरी म्हणजे मांडवी नदी ओलांडण्याचे काही मिनिटांचे काम आहे, आणि पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. कॅसिनोच्या बोटी, ज्यांत शिरायलाच हजारांत पैसे लागतात, त्यांच्या जवळून ही बोट जाते. मुलाला तिथे जे आवडले ते मला कधी सुचले नसते. बोट धक्क्याला टेकण्यापूर्वीच स्कूटरवाले इंजिने सुरू करून बसतात, खलाशी दोर टाकतो, पुढची लोखंडी फळी खडखडत खाली येते आणि ती पुरती टेकण्याआधीच पहिला स्कूटरवाला सुटलेला असतो. कोण पहिला सुटेल यावर बापलेकांनी पैज लावली. मुलाने वहीत प्रत्येक खेपेच्या दुचाकी मोजल्या: २३, ३१, १८ वगैरे. चार वेळा ये-जा केली. बेतीच्या बाजूला बसून उंडे आणि केळी खाल्ली, आणि पलीकडची पणजी, ज्या पणजीच्या शेजारी ते सात वर्षे राहत होते, ती पहिल्यांदा समोरून पाहिली. मुलाची मजा ९, वडिलांची ७, आईची ६. खर्च पेट्रोल सोडून ४० रुपये, तेही शेंगदाण्यांवर. उरलेले ११० मुलाने परत पाकिटात घातले, आणि आई म्हणाली की त्या दिवशी त्याने काहीच मागितले नाही, कारण मागायला त्याला वेळच झाला नाही.

बाईंचा ६ हा आकडा मात्र मला पुरेसा वाटला नाही. तक्त्यातील त्यांचा रकाना पाहिला तर त्यात जे जे लिहिले होते ते सगळे मुलासाठी होते. "तुम्हाला एकटीला दोन तास मिळाले तर काय कराल?" असे विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बसेन." त्यांना तेवढेच हवे होते. बसायला जागा कुठली, तर पाटोवरचे मध्यवर्ती ग्रंथालय, कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १८३२ साली सुरू झालेले हे ग्रंथालय देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे, आणि आज ते गोव्याचे सोळाव्या शतकातील लेखक कृष्णदास शामा यांच्या नावाने चालते. बसून वाचायला पैसे पडत नाहीत, मुलांचा विभाग वेगळा आहे, मराठी पुस्तके भरपूर आहेत, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, जेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि बागेतली बाकडी ओली असतात, तेव्हा पणजीत याहून चांगली कोरडी जागा मला तरी माहीत नाही. शनिवारी दुपारी मुलगा त्याच्या विभागात आणि बाई मराठीच्या कपाटांजवळ, असा क्रम सुरू झाला. पहिल्या दोन शनिवारी त्यांनी पुस्तक उघडून ठेवले आणि नुसत्या खिडकीबाहेर पाहत बसल्या. तिसऱ्या शनिवारी एक पाककृतीचे पुस्तक काढले आणि, त्यांच्याच शब्दांत, "एकही पदार्थ करायचा नाही असे ठरवून" वाचले. मजा ८.

घुमट या वाद्याची गोष्ट निघाली ती अशीच, बोलता बोलता. माळा आवरताना जुन्या चादरीत गुंडाळलेले एक मडके सापडले, असे बाई म्हणाल्या आणि यजमान एकदम ताठ बसले. गावात चतुर्थीच्या आरत्यांना ते घुमट वाजवत. शहरात आले तेव्हा आणले होते, पण पहिल्याच चतुर्थीला वरच्या मजल्यावरच्यांनी आवाजाची तक्रार केली आणि ते माळ्यावर गेले. मी ते घेऊन यायला सांगितले. मातीचा घट, एका बाजूचे तोंड मोठे, त्यावर कातडे ताणलेले, दुसऱ्या बाजूला हाताने उघडझाप करायचे लहान तोंड. कातड्याला चीर गेली होती. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला, तेव्हा यांचे घुमट माळ्यावर होते. घोरपडीचे कातडे आता चालत नाही, त्यामुळे बकऱ्याचे लावून घ्यावे लागले, आणि त्या वर्षातला करमणुकीवरचा सर्वांत मोठा खर्च तोच ठरला. त्यांच्याच भागातील एका देवळात आरतीचे पथक सराव करते, तिथे ते जाऊ लागले. मुलगा बरोबर जातो, सध्या त्याच्या हाती झांज आहे.

पुढे थंडीत त्यांचे त्यांनीच बरेच शोधून काढले, मला विचारावे लागले नाही. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतील नाटके, ज्यांचे तिकीट व्यावसायिक प्रयोगाच्या मानाने किरकोळ असते, दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासुर, मळा भागातील मारुतीची जत्रा, शिगम्याच्या मिरवणुका. गावाकडे हे सगळे अंगणात असे. पणजीतही ते होते, फक्त त्यासाठी कोणी जाहिरात केली नव्हती.

एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. या बाईंना फेरीत मजा येत होती, ग्रंथालयात येत होती, म्हणून हा मार्ग चालला. ज्या माणसाला दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नाही, झोप आणि भूक उडाली आहे, जगण्यात अर्थ नाही असे मनात येते, त्याला फिरायला जाण्याचा सल्ला देऊन वेळ घालवू नये. त्याने बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात दाखवावे किंवा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तोही फुकट आहे.

शेवटच्या भेटीत डोकेदुखीबद्दल विचारले. महिन्यातून एखाद्या वेळी येते म्हणाल्या. मग थोडे थांबून त्यांनी नवी तक्रार मांडली: यजमान आता मंगळवारी आणि शुक्रवारी सरावाला जातात, मुलगाही जातो, आणि जेवणे साडेनऊशिवाय होत नाहीत. यजमान हसले. मी त्यांना विचारले, की मंगळवारची भाजी सरावाला जाण्यापूर्वी कोण चिरून ठेवते. ते हसायचे थांबले आणि बाईंनी पर्समधून नवा तक्ता काढून टेबलावर ठेवला.