पाठ केलेले शब्द राहत नाहीत, तेव्हा

“मॅडम, शब्द पाठ होतात, पण राहत नाहीत.” मराठी माध्यमातून आलेल्या, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसले. ओळख पटू नये इतके तपशील बदलून एका मुलीचं सांगते.

ती लातूरकडची. पुण्यात चौघींनी मिळून एक खोली घेतलेली, बँकेच्या परीक्षेची तयारी चाललेली. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज 25. नामांनी तर ती रडकुंडीला आली होती. “टेबल दिसतं हो, मॅडम. हे फॉर्टिट्यूड दिसतच नाही!” फॉर्टिट्यूड म्हणजे संकटातही न खचणारं धैर्य. तिसऱ्या भेटीत गाडी “मला डोकंच नाही”वर आली.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने अर्थहीन अक्षरं स्वतः पाठ करून ती किती भराभर विसरली जातात ते मोजलं आणि 1885 मध्ये मांडलं. हिची वही मला तशीच वाटली. डोकं शाबूत होतं, शब्दच तिचे नव्हते. मी वही मिटायला लावली आणि गावाकडचं विचारलं.

“खोलीवर चौघी असून एकटेपणा खातो. गावी मळ्यात दिवसभर एकटीच असायचे, पण तो एकांत होता.”

मी तिला तिथेच थांबवलं. “आत्ता दोन नामं वापरलीस. पहिलं लोनलिनेस, दुसरं सॉलिट्यूड.”

तिने वही उघडली. दोन्ही शब्द होते, वेगवेगळ्या पानांवर, आणि दोन्हींसमोर अर्थ एकच: एकटेपणा. बराच वेळ ती बघत राहिली. मग दोन्ही अर्थ खोडून एकापुढे ‘खोली’ लिहिलं, दुसऱ्यापुढे ‘मळा’. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आलेत, आणि तो घडला तेव्हा मी समोर होते याचं मला समाधान आहे.

अनुभवाला न चिकटलेला शब्द टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून 25 नकोत, 5 घ्या, पण प्रत्येकाला आपल्या आयुष्यातली एक जागा किंवा माणूस द्या. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग आठवड्याने अर्थ झाकून आठवून बघा. नुसतं वाचून भागत नाही. शाळेतलं भाववाचक नाम आठवतंय ना? शहाणा-शहाणपण, नम्र-नम्रता. इंग्रजीतही नेस, इटी, मेंट, शन, ट्यूड अशी घराणी आहेत. नामं घराण्याने लावा. आणि नामाचं क्रियापद सोबतच लिहा. आपण लक्ष ‘देतो’, इंग्रजीत अटेन्शन ‘पे’ करतात. परीक्षेत नेमकं इथेच अडतं.

पुढच्या भेटीत तिने स्वतःहून वही पुढे केली. फॉर्टिट्यूडसमोर लिहिलं होतं: “आजी. आजोबा गेले त्या वर्षीही तिने बैलजोडी विकली नाही.”