'तपासणीत नापास झाले तर बाबा कोलमडतील': ड्रायव्हिंग असेसमेंटबद्दल एका घराची गोष्ट

"बाबांना ड्रायव्हिंगच्या तपासणीला न्यावं की नको? तिथे नाही म्हणाले तर ते खचतील आणि नेलंच नाही तर एखाद्या दिवशी काहीतरी विपरीत घडेल." स्ट्रोक होऊन गेलाय, पार्किन्सन्स आहे किंवा विसरायला होऊ लागलंय, अशा घरांतून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. मी पुनर्वसन केंद्रात समुपदेशक आहे. ही तपासणी करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ, माझ्याच टीममध्ये असतात; आमच्याकडे सगळे त्यांना 'ओटी' म्हणतात. म्हणून एका कुटुंबाचा अनुभव सांगते. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

काकांनी साठी ओलांडली होती. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक होऊन सहा महिने झाले होते. चालणं सुधारलं होतं, हाताची पकड चांगली होती, बोलणं मुद्देसूद. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम असल्याचं सांगितलं होतं. मुलीने मात्र गाडीची किल्ली लपवली आणि गाडी गॅरेजमध्ये असल्याचं सांगितलं. ते खोटं उघडकीस आलं आणि घरात बोलणंच बंद झालं.

"मॅडम, इतकी वर्षं गाडी चालवली, कुणाला साधा धक्का लागला नाही. आणि ही माझ्यापासून किल्ली लपवते?" काका संतापून म्हणाले. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा डावा आरसा दोनदा फाटकाला घासला. दाढी करता तेव्हा डावा गाल तसाच राहतो."

"तो आरशातला उजेड नीट नाही," काका म्हणाले.

मुलीची अपेक्षा होती की मी त्यांना समजवावं. मी नकार दिला. गाडी चालवायला माणूस योग्य आहे की नाही हे खुर्चीत बसून गप्पा मारून कळत नाही. ते मी ठरवू शकत नाही आणि मुलगीही नाही. नुसत्या वयावरून तर कुणीच ठरवू नये. काका तपासणीला तयार झाले, पण दोन अटींवर: मुलगी खोलीत नको आणि रिपोर्ट आधी त्यांना सांगायचा. दोन्ही रास्त होत्या, ओटींनी लगेच मान्य केल्या. तोपर्यंत गाडी चालवायची नाही, हे काकांनी आपणहून कबूल केलं आणि किल्ली त्यांच्याच कपाटात परत गेली.

लोकांना वाटतं तिथे परीक्षा घेतात. खरं तर निम्मा वेळ माणूस दिवसभर काय काय करतो हे विचारण्यात जातो. आंघोळ, कपडे, जेवण यांसारख्या मूलभूत गोष्टींसाठी कॅट्झ यांची 1963 ची मोजपट्टी आहे. फोन, औषधं, पैशांचा हिशोब, स्वयंपाक, प्रवास अशा 8 कामांसाठी लॉटन आणि ब्रॉडी यांची 1969 ची. मग मान किती वळते, घोटा किती हलतो, पाय ब्रेकवर किती चटकन जातो, झोप आणणारं एखादं औषध चालू आहे का, हे पाहतात. आकडा-अक्षर-आकडा असं आलटून पालटून रेघेने जोडायचा कागद देतात, त्यात लक्ष एकीकडून दुसरीकडे किती झपाट्याने वळतं ते दिसतं.

काकांच्या बाबतीत खरं कळलं ते घंटांच्या कागदावर. एका पानावर बारीक चित्रं विखुरलेली असतात, त्यांत 35 घंटा. दिसेल तिच्यावर खूण करायची. चित्रं अस्ताव्यस्त वाटली तरी घंटा 7 रकान्यांत बसवलेल्या असतात, प्रत्येकात 5. कुठल्या क्रमाने खुणा होतात तेही ओटी टिपत असतात. डावीकडून उजवीकडे वाचणारी माणसं बहुधा डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करतात. काकांनी उजव्या कडेपासून केली, पानाच्या मध्यापर्यंत आले आणि पेन्सिल खाली ठेवली. "झालं." डावीकडचे तीन रकाने जवळजवळ कोरे होते.

मग ओटींनी त्यांच्यासमोर बसून एक एक बोट हलवलं. डावीकडचं दिसलं, उजवीकडचंही दिसलं. दोन्ही एकदम हलवली तेव्हा काका म्हणाले, "उजवं."

याला नेग्लेक्ट म्हणतात. डोळे शाबूत असतात, पण मेंदू एका बाजूची दखल घेत नाही. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर हे जास्त दिसतं आणि डावी बाजू सुटते. घरच्यांनी इथे जरा थांबून विचार करावा, असं मला फार वाटतं. आपलं काही सुटतंय हे त्या माणसाला जाणवतच नाही. समोर अंधार दिसत नाही, चित्र अपुरं वाटत नाही. काका हट्टी नव्हते आणि खोटंही बोलत नव्हते, त्यांच्या दृष्टीने आरशात खरोखरच पूर्ण चेहरा होता. अशा माणसाला "तुम्हाला कळत कसं नाही" म्हणणं क्रूरपणाचं आहे.

रस्त्यावरची चाचणी दुहेरी ब्रेकच्या गाडीत झाली. शेजारी प्रशिक्षक, मागच्या सीटवर ओटी. गिअर, क्लच, स्टिअरिंग, सगळं सराईत. गाडी मात्र डावीकडे सरकत राहिली आणि प्रशिक्षकाला दोनदा ब्रेक दाबावा लागला, दोन्ही वेळा डावीकडून येणाऱ्यांसाठी. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते, मग डावीकडे उशिरा पाहून उपयोग काय?

रिपोर्ट सांगायच्या वेळी काकांनी मलाही बसायला सांगितलं. "त्यांनी उगाच ब्रेक मारला," हेच ते म्हणत राहिले. ओटींनी वाद घातला नाही. तोच कागद पुढे ठेवला, काकांचं बोट धरून डाव्या कडेला नेलं आणि तिथून वाचायला लावलं. काका घंटा मोजू लागले. पाचव्या-सहाव्या घंटेला थांबले. "हे मी सोडलंय?" बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "म्हणजे त्या दिवशी फाटक..."

नंतरच्या भेटींत ते रडले, चिडले, एकदा आलेच नाहीत. हे होणारच. गाडी सुटलेल्या ज्येष्ठांमध्ये नैराश्य वाढतं हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे, त्यामुळे 'आता चालवू नका' एवढं सांगून कुटुंबाला घरी पाठवणं मला अर्धवट काम वाटतं.

त्याच तपासणीतून घरातल्या गोष्टीही पुढे आल्या होत्या. आठवड्याच्या औषधांच्या डबीतले डावीकडचे कप्पे तसेच राहत होते. शेगडीचा डावा बर्नर चालू राहत होता. ओटींनी डबी उभी ठेवायला सांगितली, वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावली, ती दिसेपर्यंत मान वळवायची सवय लावून घेतली. ओट्यापासून हलण्याआधी सगळी बटणं हाताने चाचपायची. काही आठवड्यांत औषधं चुकायची थांबली. घरात माणसाला थांबून दुसऱ्यांदा पाहता येतं, म्हणून हे उपाय तिथे लागू पडले. चार महिन्यांनी फेरतपासणी झाली. कागदावर चांगली सुधारणा होती, रस्त्यावर पुरेशी नव्हती. गाडी बंदच राहिली.

मग मी बापलेकीला एकत्र बसवलं. काकांना गाडीपेक्षा जास्त सलत होतं ते दरवेळी "मला सोडतेस का?" विचारणं. म्हणून आठवड्यातले दोन दिवस ठरवले. कुठे जायचं, कधी निघायचं, किती वेळ थांबायचं हे काका ठरवणार आणि मुलगी कारण विचारणार नाही. किल्ली लपवल्याबद्दल तिने माफी मागितली. तिला भीती कशाची वाटत होती हे काकांनी पहिल्यांदाच ऐकून घेतलं.

प्रत्येक तपासणी 'नाही'वर संपत नाही. उजव्या पायात ताकद नसलेल्या एका ताई ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर बसवून, त्याचे धडे घेऊन आज स्वतः गाडी चालवतात. हातात जोर कमी असेल तर स्टिअरिंगवर गोल नॉब बसतो, पाय अजिबात साथ देत नसतील तर हाताने चालणारे ब्रेक-ॲक्सिलरेटर असतात. कुणाला फक्त दिवसा, ओळखीच्या रस्त्यांवर चालवायला सांगतात आणि ठरावीक काळाने परत बोलावतात. काय सुटतंय आणि त्यावर काही करता येईल का, हे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून न्यायचं की नाही या प्रश्नावर माझं उत्तर 'न्या' असंच आहे.

जाताना रोजचा चष्मा, श्रवणयंत्र असेल तर ते, चालू औषधांची पूर्ण यादी आणि स्ट्रोकच्या वेळचे कागद सोबत घ्या. रात्र जागून झाली असेल तर वेळ बदलून मागा. लायसन्सबाबतचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, तेव्हा रिपोर्ट कुणाकडे जाणार हे सुरुवातीलाच विचारा, आणि तो प्रश्न वडिलांना स्वतःला विचारू द्या.