त्यांनी माझ्या पॉलिसीचा फोटो काढला, स्वतःची मात्र दाखवली नाही

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी शिक्षक आहे, जुळे सोलापूरला राहतो. पंधरवड्यापूर्वी विजापूर रोडला सैफुलजवळ पुढची रिक्षा पॅसेंजर घ्यायला थांबली, म्हणून मीही थांबलो. तेवढ्यात मागून केए-28 (कर्नाटकातल्या विजापूरच्या) नंबरची कार येऊन धडकली. डिकी आत गेली, बंपर फुटला. मागे बसलेल्या आईचं कपाळ सीटवर आपटलं, दोन टाके पडले. त्या कारमधले गृहस्थ म्हणाले, "पोलीस कशाला, मिटवून टाकू की." त्यांनी माझ्या विम्याच्या कागदाचा फोटो घेतला. त्यांचा मागितला तर "घरी आहे, पाठवतो" म्हणाले. आता म्हणतात, तुम्हीच अचानक ब्रेक मारला, अर्धा खर्च तुमचा. गॅरेजवाल्याने 38 हजार सांगितलेत. माझ्या पॉलिसीवर ते काही घोळ करतील का? आणि त्यांच्या विम्याची माहिती मला मिळणार कशी?

उत्तर : फोटोची धास्ती आधी काढून टाका. तुमच्या पॉलिसीतून तुमच्या गाडीचा खर्च मागायचा हक्क फक्त तुमचा आहे. त्यांना तुमच्या कंपनीकडून काही हवं असेल, तर चूक तुमची होती हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे (अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कोर्टापुढे) सिद्ध करावं लागेल. पण "अचानक ब्रेक"ची भाषा सुरू झाली आहे, म्हणजे त्यांनी स्वतःची बाजू रचायला घेतली आहे. तुमच्या विमा कंपनीला अपघाताची खबर त्यांच्याकडून किंवा कोर्टाच्या नोटिशीतून कळण्याआधी तुमच्याकडून कळली पाहिजे.

त्यांचा विमा शोधणं तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. गाडीचा नंबर तुमच्याकडे आहे ना? एम-परिवहन ॲपवर तो टाका. विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंतचा, हे बहुतेक वेळा तिथेच दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं येतं, पण त्याची सोय कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 132 नुसार अपघाताची झळ बसलेल्याने स्वतःचं नाव-पत्ता देऊन मागणी केली, तर चालकाला आपलं आणि गाडीमालकाचं नाव-पत्ता द्यावाच लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतरच्या कलम 152 नुसार, ज्याच्याकडे भरपाई मागितली आहे त्याला विमा आहे की नाही आणि कोणता, हे सांगायला नकार देता येत नाही. ते तरीही दाद देत नसतील, तर कलम 160 खाली फी भरून पोलीस ठाण्याकडून किंवा आरटीओकडून माहिती मागता येते. विमाच नसेल तर तो कलम 196 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. आईंना इजा झाली, तेव्हाच हे प्रकरण रस्त्यावर मिटवण्यासारखं राहिलं नव्हतं. कलम 134 प्रमाणे जागेवर पोलीस नसतील तर 24 तासांच्या आत ठाण्यात कळवायचं असतं, आणि ही जबाबदारी फक्त धडक देणाऱ्याची नाही, तुमचीही होती. उशीर झाला म्हणून दार बंद झालेलं नाही. विजापूर नाका पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. समोरचे खर्च देतो म्हणाले म्हणून थांबलो, हे कारण त्यात सरळ लिहा आणि पोहोच घ्या. ठाण्यात दाद लागली नाही, तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस आयुक्तांना पाठवा. चौकातल्या एखाद्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे असेल तर आजच जाऊन विचारा. जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, पंधरवड्यानंतर शिल्लक असेल तर नशीब समजा.

ब्रेकचा वाद फुकाचा नाही. मागच्याने अंतर ठेवावं हा नियम आहेच, पण 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गावर इशारा न देता गाडी थांबवणाऱ्या कारचालकाला 50 टक्के जबाबदार धरलं आहे. तुमच्या बाबतीत पुढे रिक्षा थांबली होती, हाच तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा. तो अर्जात आणि विम्याच्या क्लेम फॉर्ममध्ये एकाच शब्दांत यायला हवा. दोन ठिकाणी दोन हकिकती झाल्या की समोरच्या वकिलाचं काम आपण करून देतो.

38 हजारांसाठी मी तुम्हाला आधी तुमच्याच कंपनीकडे जायला सांगेन, अर्थात पॉलिसी फक्त थर्ड पार्टी, म्हणजे केवळ दुसऱ्याचं नुकसान भरणारी, नसेल तर. नुकसान तपासणारा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका. उशिराचं निमित्त पुढे केलं, तर विमा नियामकाचं 20 सप्टेंबर 2011 चं परिपत्रक दाखवा : खरा क्लेम केवळ उशिरा कळवला म्हणून नाकारू नये, असं त्यात आहे. पूर्ण 38 हजार हातात येतील अशी आशा मात्र धरू नका. झीरो डेप (घसारा न कापणारी जोड-पॉलिसी) नसेल तर बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापतात, शिवाय ठरावीक रक्कम तुमच्या खिशातून जाते आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बुडतो. जे कापलं जाईल ते समोरच्यांकडून मागता येतं. एकच खर्च दोन्हीकडून मात्र घेता येत नाही.

त्यांनी ऑनलाइन काही रक्कम पाठवली, तर "हिशेब पूर्ण" असं उत्तर लिहू नका. आणि वैतागून "बरं, अर्धे मी देतो" असंही म्हणू नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही, ही अट तुमच्याच पॉलिसीत छापलेली असेल.

गाडी कर्नाटकची आहे म्हणून विजापूरला खेटे घालावे लागत नाहीत. आईंच्या भरपाईचा दावा सोलापूरच्याच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो, कारण अपघात इथला आणि राहणंही इथलं. दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, ती अपघाताच्या दिवसापासून मोजतात.

त्यासाठी आईंचा दवाखान्यातला केस पेपर एकदा वाचून बघा. पोलीस केस नको म्हणून डॉक्टरला "घरात पाय घसरला" असं सांगायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. तसं लिहिलं गेलं असेल तर कागदात खाडाखोड करायला जाऊ नका. पोलिसांच्या अर्जातच ते उघडपणे मांडावं लागेल, तेव्हा अर्ज देण्याआधी तो कागद मला दाखवा.